निवारा नसणे हा अपराध कोणाचा?

वाचकहो, मुंबईची शेवटची लोकल रात्री एकच्या आगेमागे सुटते आणि पहिली लोकल पहाटे चारच्या सुमारास. मधल्या तीन तासांत या शहराच्या फलाटांवर दोन प्रकारची माणसे निजलेली आढळतात. एकाच्या उशाला ट्रंक असते आणि खिशात सकाळच्या गाडीचे तिकीट असते. दुसऱ्याच्या उशाला चपला असतात आणि सकाळी कोठे जावयाचे याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. दोघेही एकाच फरशीवर, सारखेच अंग दुमडून झोपलेले असतात. तरीही पोलिसाची काठी एकाच्या शेजारून निघून जाते आणि दुसऱ्याच्या पायावर टेकते. हा जो भेद आहे, त्याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक प्रकरण आले. साठी उलटलेला, मराठवाड्यातून आलेला गवंडी. भाड्याची झोपडी पाडली गेली तेव्हापासून तो एका स्थानकाच्या फलाटावर रात्र काढी आणि सकाळी नाक्यावर उभा राही. त्याच्या खिशात दुसऱ्या वर्गाचा मासिक पास होता. पहिल्यांदा त्याला पकडले ते रेल्वेच्या आवारात विनाकारण राहिल्याबद्दल. दंडाधिकाऱ्यांनी विचारले, “गुन्हा कबूल?” तो म्हणाला, “कबूल.” कोठडीतल्या सोबत्यांनी त्याला शहाणपण शिकवले होते की, कबूल म्हटले की दंड भरून दुपारपर्यंत सुटका होते, नाही म्हटले की तारखा पडतात. ज्याचे पोट रोजच्या नाक्यावर आहे, त्याला तारीख परवडत नाही. आमच्या न्यायालयांतील कबुलीजबाबांपैकी किती जबाब अपराधाचे असतात आणि किती भुकेचे, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

दुसऱ्यांदा त्याला पकडले ते भिक्षेकरी म्हणून. त्याने कोणापुढे हात पसरला होता काय? तसे कोणी म्हटलेच नव्हते. तो मळक्या कपड्यांत, रात्री, फलाटावर होता, आणि त्याच्यापाशी उपजीविकेचे साधन दिसत नव्हते, एवढेच म्हणणे होते. साधन होते. थापी आणि ओळंबा यांची एक पिशवी होती. पण उठवताना ती फलाटावरच राहिली व पुन्हा मिळाली नाही. दहाव्या दिवशी तो सुटला. त्याने दंडाची नव्हे, त्या पिशवीची चौकशी आमच्याकडे केली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम असे आहे की, अधिकारावाचून रेल्वेच्या आवारात शिरणे, किंवा रीतसर शिरल्यावर त्या जागेचा दुरुपयोग करणे वा निघण्यास नकार देणे हा अपराध होय. हे कलम मुळातच अन्यायाचे आहे असे आम्ही म्हणत नाही. पास हा प्रवासाचा परवाना आहे, मुक्कामाचा नव्हे. फलाट तिकिटाचीही मुदत दोनच तासांची असते. २९ सप्टेंबर १९१७ रोजी नव्हे, आमच्या डोळ्यांदेखत २९ सप्टेंबर २०१७ रोजी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. पुलाच्या पायऱ्या मोकळ्या असाव्यात, गाडीच्या दारात कोणी आडवे पडू नये, स्त्रियांच्या डब्यात पुरुषांनी चढू नये, हे नियम गरिबांच्याही जिवाचे रक्षण करतात. कारण लोकलमधून सर्वांत अधिक प्रवास गरीबच करतात. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या परिचारिकेला फलाट सुरक्षित वाटला पाहिजे, हा तिचा हक्क आहे. तो हक्क आम्ही कोणाच्याही दैन्यासाठी कमी करू इच्छित नाही.

परंतु हे सारे नियम कृत्याचे आहेत. जो वाट अडवील त्याला उठवा, मग तो सेठ असो की भिकारी. आमचा आक्षेप आहे तो स्थितीला अपराध ठरविणाऱ्या नियमांना. आणि असा एक नियम महाराष्ट्राच्या कायद्यांत आहे. १९४५ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ साली झाला. त्याच्या व्याख्येप्रमाणे भीक मागणे म्हणजे केवळ हात पसरणे नव्हे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे, एखादी वस्तू विकावयास पुढे करणे या मिषाने मिळणारे दानही भीकच. शिवाय, उपजीविकेचे दृश्य साधन नसता सार्वजनिक जागी अशा अवस्थेत भटकणे किंवा राहणे की, हा मनुष्य भिक्षेवर जगत असावा असे वाटावे, हीसुद्धा भीकच. कोणाला वाटावे? ज्याच्या हाती काठी आहे त्याला. वॉरंट लागत नाही. चौकशी संक्षिप्त. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे संस्थेत स्थानबद्धता आणि पुनःपुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. चोराला याहून कमी शिक्षा होते.

वाचकांनी या व्याख्येतील व्यवसायांची यादी पुन्हा एकदा वाचावी. गाणारा, नाचणारी, भविष्य सांगणारा, खेळ करणारा. ही गावगाड्याच्या बाहेर ठेवलेल्या माणसांची यादी आहे. डोंबारी, नंदीबैलवाले, पिंगळे, वासुदेव यांना जमीन नाकारून ज्या समाजाने दारोदार फिरावयास लावले, त्याच समाजाने नंतर फिरणे हा गुन्हा ठरवला. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि तारेच्या कुंपणातली माणसे विमुक्त म्हणवली गेली. सात वर्षांनी, ज्या १९५९ साली भिक्षेचा कायदा आला, त्याच साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचाही कायदा आला. जन्माने गुन्हेगार ही कल्पना मेली असे ज्यांना वाटले, त्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावे. मनुष्य काय करतो हे न पाहता तो कोण आहे हे पाहणे, ही ज्या रोगाची खूण आहे त्या रोगाची ओळख आमच्या वाचकांना करून देण्याचे कारण नाही.

दिल्लीलाही हाच मुंबईचा कायदा लागू होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे घटनाबाह्य ठरवली. राज्य ज्यांना अन्न, वस्त्र, निवारा देऊ शकले नाही, त्यांनाच त्या अभावाबद्दल राज्याने शिक्षा करावी हे समतेच्या व जीविताच्या हक्काशी विसंगत आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भिक्षेकऱ्यांना रस्त्यांवरून हटविण्याचा आदेश देण्यास नकार दिला. पण दिल्लीचा निकाल दिल्लीपुरता. ज्या शहराच्या नावाने तो कायदा जन्मला, तेथे तो उभाच आहे.

येथे काही वाचक विचारतील की, इतर देशांत तरी याहून निराळे काय आहे? प्रश्न योग्य आहे. म्हणून ज्या न्यूयॉर्क शहरात बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात विद्या संपादन केली, त्या शहराचे उदाहरण घेऊ. तेथील भुयारी रेल्वे १९०४ पासून चालू आहे आणि रात्रभर धावते. त्यामुळे तेथला निराश्रित फलाटावर नव्हे, गाडीतच झोपतो. नियम असा की, बाकावर आडवे होऊ नये, एकाहून अधिक जागा अडवू नये. मे २०२० मध्ये साथीच्या काळात ही गाडी रात्री काही तास बंद ठेवण्यात आली, ती वर्षभर. फेब्रुवारी २०२२ मध्ये महापौर व गव्हर्नर यांनी मिळून योजना जाहीर केली : नियम कडक लावावयाचे आणि शेवटच्या स्थानकावर गाडी रिकामी करावयाची.

तथापि त्या शहरात एक गोष्ट अशी आहे की जी आमच्या शहरात नाही. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत १९३८ पासून गरजवंतांचे साहाय्य ही राज्याची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. तिच्या आधारे १९७९ साली निराश्रितांच्या वतीने दावा झाला, आणि १९८१ साली शहराला न्यायालयात लेखी मान्य करावे लागले की, मागणाऱ्या निराश्रितास रात्रीचा निवारा देणे आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणजे तेथला शिपाई “ऊठ” म्हणतो तेव्हा “कोठे जाऊ?” या प्रश्नाला निदान कागदावर तरी उत्तर असते. ते उत्तर पुरे पडत नाही हेही खरे. मोठ्या निवाऱ्यांतील मारहाण, चोरी, गोंगाट यांना भिऊन कित्येक माणसे गाडीच पत्करतात. १ मे २०२३ रोजी अशाच एका कृष्णवर्णीय, बेघर तरुणाचा गाडीच्या डब्यात एका सहप्रवाशाने गळा आवळला व तो मेला. डिसेंबर २०२४ मध्ये ज्यूरीने त्या प्रवाशास निर्दोष सोडले. नियमांची भाषा जेव्हा पुनःपुन्हा सांगते की अमुक मनुष्य म्हणजे उपद्रव, तेव्हा शेजारचा प्रवासी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहू लागतो, याचा विचार नियम करणारांनी केला पाहिजे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली असे ठरविले होते की, व्यसनी असणे ही स्थिती आहे आणि स्थितीला शिक्षा देता येत नाही. त्याच न्यायालयाने जून २०२४ मध्ये, सहा विरुद्ध तीन मतांनी, उघड्यावर मुक्काम करणाऱ्यास दंड करणारे एका गावाचे नियम वैध धरले. कारण काय, तर मुक्काम करणे हे कृत्य आहे, बेघर असणे नव्हे! वकिली धंद्यात इतकी वर्षे घालवूनही हा तर्क आमच्या गळी उतरत नाही. ज्याला घर नाही तो उघड्यावर झोपणार नाही तर कोठे झोपेल? भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्ती सोटोमायर यांनी नेमके हेच दाखवून दिले की, झोप ही शरीराची गरज आहे. ज्या कृत्यावाचून जगता येत नाही, त्याला बंदी म्हणजे त्या स्थितीलाच बंदी.

आता आमच्या शहराकडे परत येऊ. २०११ च्या जनगणनेने देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले. मुंबईत सुमारे ५७ हजार. ही मोजणीही एका रात्रीची. जो काठी पाहून उठून गेला तो तीत आला नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा दंडक असा होता की, दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक बारमाही, चोवीस तास उघडा निवारा असावा. मुंबईची लोकसंख्या त्याच जनगणनेप्रमाणे एक कोटी चोवीस लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. या संख्येच्या जवळपासही हे शहर पोहोचलेले नाही. १० जुलै १९८५ रोजी ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच मुंबईच्या पदपथवासीयांविषयी सांगितले की, जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. ते वाक्य सभांतून फार ऐकावयास मिळते. त्याच निकालाने, पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार कायम ठेवला, हे मात्र सभांतून सांगत नाहीत. तत्त्व गरिबाला मिळाले, पदपथ मिळाला नाही.

आणि वाचकहो, हा प्रश्न परक्याचा आहे असे समजू नका. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला उतरणारी आमची माणसे कोठे झोपतात? शिवाजी पार्कच्या मातीवर, पदपथावर. दुसऱ्या दिवशी शहरातील काही सुशिक्षित नाके मुरडतात. १९७२ च्या दुष्काळात मुंबईत आलेल्या किती कुटुंबांची पहिली रात्र फलाटावर गेली असेल? आज ज्यांच्या घरी वीज व कुलूप आहे, त्यांनी आपल्या वडिलांना हा प्रश्न जरूर विचारावा.

आमची मागणी तीन गोष्टींची आहे. राज्य विधिमंडळाने १९५९ चा कायदा रद्द करावा. न्यायालयाने पाडीपर्यंत थांबू नये. महापालिकेने मोठ्या स्थानकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर निवारे उघडावेत, आणि त्यांत स्त्रियांची, कुटुंबांची, आजाऱ्यांची स्वतंत्र व्यवस्था असावी. गावाबाहेर बांधलेला निवारा नाक्यावरच्या मजुराच्या काही कामाचा नाही. आणि रेल्वेने असा लेखी दंडक घालावा की, वाट न अडविणाऱ्या मनुष्यास रात्री फलाटावरून उठविण्यापूर्वी त्याला जागा शिल्लक असलेल्या निवाऱ्याचा पत्ता द्यावा. पत्ता नसेल तर पहाटेपर्यंत त्याला झोपू द्यावे.

तोवर आपण काय करावे, असे तरुण कार्यकर्ते विचारतात. फलाटावरून कोणाला नेत असतील तर लोहमार्ग पोलिसांचा की रेल्वे सुरक्षा दलाचा शिपाई आहे आणि कोणत्या कलमाखाली नेत आहे, हे शांतपणे विचारावे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने बंधनकारक आहे. कोठडीतील प्रत्येकास, मग त्याची जात वा मिळकत काहीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. ते नाव नोंदवून घ्यावे. त्याने घाईने कबूल म्हणू नये हे त्याला सांगावे, आणि त्या दिवसाची त्याची मजुरी बुडते ती भरून देण्याची काही सोय विहारातून करावी. नाही तर आपला सल्ला त्याला ऐकता येणार नाही. आणि त्याची पिशवी तेवढी फलाटावरून उचलून त्याच्याबरोबर द्यावी.