एकच घंटा, अनेक कान

तिन्हीसांजेची घंटा होते. अंगणातले मूल खेळ टाकते, माता दिवा लावते, गुराखी गुरे घराकडे वळवितो. नाद एकच; परंतु त्याने कोणाचे काम थांबते, तर कोणाचे सुरू होते. वाचकहो, आपल्या मेंदूतही असाच व्यवहार चालतो.

सेरोटोनिन हे द्रव्य १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी रक्तातून वेगळे काढले. ते मेंदूतही असते, हे १९५३ साली ट्वॅरॉग व पेज यांनी प्रसिद्ध केले. शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असते. मेंदूत मात्र त्याच्या देठातील थोड्याशा पेशी ते निर्माण करतात आणि लांब तंतूंवाटे मेंदूच्या सुरकुतलेल्या बाह्य थरापर्यंत पोचवितात.

पुढे काय घडावे, हे घेणाऱ्या पेशीच्या कवाडावर अवलंबून असते. या कवाडांस शास्त्रज्ञ 'ग्राही' म्हणतात. त्यांची ७ कुळे व सुमारे १४ प्रकार ज्ञात आहेत. बाह्य थरातील शंकूच्या आकाराच्या पेशी दूरवर संदेश धाडतात. त्यांपैकी अनेकींवर दोन ग्राही एकत्र नांदतात: '१ए' पेशीला शांत करतो, तर '२ए' तिला चेतवितो. इतर पेशींना आवर घालणाऱ्या लहान पेशींपैकी काहींवर तिसऱ्या कुळाचा ग्राही असतो. तो क्षणार्धात उघडून त्यांना जागे करतो.

म्हणूनच "सेरोटोनिन घटले आणि माणूस खिन्न झाला" हे म्हणणे अपुरे आहे. फ्लुओक्सेटिनसारखे औषध पेशींमधील सेरोटोनिन काही तासांतच वाढविते; तरीही रुग्णाला उतार पडावयास बहुधा काही आठवडे लागतात. ग्राहींना नव्या स्थितीशी जुळवून घ्यावयास अवधी हवा, हे त्याचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे.

घरात अशा आजाराने ग्रासलेले माणूस असेल, तर पाचव्या दिवशी "गुण नाही" म्हणून गोळ्या बंद करू नका; बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याविना सोडू नका. एकाएकी थांबविल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास संभवतात. खिन्नता वाढलीच, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि "मन घट्ट कर" असे टोचून बोलू नका. इतकी कवाडे ज्याच्या हुकमाने उघडत वा मिटत नाहीत, त्याला दोष कसला द्यावयाचा? त्याच्याजवळ बसा, आणि औषधाला त्याचा वेळ द्या.