मोसूलच्या कुबड्या मनोऱ्याचा हिशेब

इराकमधील मोसूल शहराच्या अल् नूरी मशिदीचे व तिच्या सुप्रसिद्ध ‘अल् हदबा’ मनोऱ्याचे १ सप्टेंबर २०२५ रोजी पुन्हा उद्घाटन झाले. आठ वर्षांपूर्वी सुरुंग लावून उडविलेली वास्तू पुन्हा उभी राहिली, ही घटना निःसंशय समाधानाची होय. तथापि या कामी पैसा कोणी दिला, तो कशावर खर्च झाला आणि कशावर झाला नाही, हे पाहिल्याखेरीज तिचे खरे मोल कळणार नाही.

टायग्रिसच्या काठचे मोसूल हे जुन्या काळी कापडाच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. मलमलीला इंग्रजीत असलेला ‘मस्लिन’ हा शब्द याच शहराच्या नावावरून आला. या संपन्न पेठेत नूरुद्दीन झंगी याने ११७२ च्या सुमारास ही मशीद बांधविली. मशिदीपेक्षा तिचा मनोराच अधिक गाजला. चौकोनी जोत्यावर उभा केलेला सुमारे ४५ मीटर उंचीचा गोल स्तंभ, त्यावर नुसत्या विटांच्या मांडणीतून साधलेले भौमितिक नक्षीचे सात पट्टे आणि आत, चढणारा व उतरणारा एकमेकांस आडवे येऊ नयेत अशा बेताने केलेले दोन स्वतंत्र नागमोडी जिने. कालांतराने तो एका अंगाला झुकला. ‘हदबा’ म्हणजे कुबडी, हे नाव त्याला त्यावरूनच मिळाले. प्रेषितांना वंदन करण्यासाठी तो वाकला, असे तेथील मुसलमान सांगत; तो मेरीमातेच्या समाधीकडे झुकला, असे ख्रिस्ती सांगत. तज्ज्ञांनी मात्र वारा, एका बाजूवर सतत पडणारे ऊन, विटांमधील जिप्समचा दुबळा गिलावा आणि पायात मुरणारे पाणी अशी रूक्ष कारणे दिली आहेत. एकाच बाकावर दोन धर्मांनी आपापला अर्थ बसवावा आणि त्यावरून तंटा होऊ नये, ही गोष्ट मला त्या मनोऱ्याच्या उंचीपेक्षा मोठी वाटते.

जून २०१४ मध्ये ‘इसिस’ने मोसूल घेतले. ४ जुलै रोजी याच मशिदीच्या व्यासपीठावर अबू बक्र अल् बगदादी प्रकट झाला आणि तथाकथित खिलाफतीचा खलिफा म्हणून त्याने प्रवचन केले. त्याच काळात तेथून पळविलेल्या चाळीस भारतीय मजुरांपैकी ३९ जण मारले गेल्याचे मार्च २०१८ मध्ये आपल्या संसदेत सांगण्यात आले. २१ जून २०१७ रोजी इराकी सेना जवळ येताच इसिसने ती मशीद व मनोरा स्वतःच उडवून दिला. धर्माच्या नावाने राज्य मांडणाऱ्यांनी साडेआठशे वर्षांचे प्रार्थनास्थळ जाता जाता नष्ट करावे, यावर अधिक भाष्य नको.

फेब्रुवारी २०१८ मध्ये युनेस्कोने पुनर्बांधणीची योजना हाती घेतली. संयुक्त अरब अमिरातीने मशिदीसाठी सुमारे ५ कोटी डॉलर दिले. युरोपीय संघाच्या निधीची जोड मिळाली आणि जुनी घरे व काही चर्चही योजनेत आली. ढिगाऱ्यातून निवडून काढलेल्या सुमारे ४५ हजार मूळ विटा मनोऱ्यात पुन्हा बसविण्यात आल्या आणि त्याचा बाकही हेतुपुरस्सर राखण्यात आला. हा वाकडेपणा म्हणजे निव्वळ नाटक, असा आक्षेप घेता येईल. पण जी प्रार्थनागृहाची इमारत २०१७ साली पडली ती तरी कोठे बाराव्या शतकातील होती? तिची बांधणी १९४० नंतरच्या दशकातील होती. बाराव्या शतकाचा मोठा अवशेष मनोरा हाच होता, आणि मोसूलकरांना तो वाकलेलाच ठाऊक होता. सरळ मनोरा त्यांना परका वाटला असता.

परकेपणाचा खरा वाद २०२१ साली झाला. जागतिक स्पर्धेत इजिप्तच्या वास्तुविशारदांचा आराखडा निवडला गेला तेव्हा तो आखाती धाटणीचा आहे, अशी टीका इराकी अभियंत्यांनी केली. पुढे २०२२ मध्ये प्रार्थनागृहाच्या जमिनीखाली बाराव्या शतकातील चार खोल्या सापडल्या व आराखड्यात फेरबदल करावे लागले. तेथील माती आपल्या बाजूने बोलली, असेच म्हणावे लागेल.

आता हिशेबाची दुसरी बाजू. लढाईत टायग्रिसच्या पश्चिमेकडील जुन्या मोसूलचा बहुतांश भाग बेचिराख झाला. युनेस्कोच्या योजनेत १२४ जुनी घरे दुरुस्त झाली आणि स्थानिक तरुणांना दगडकाम, सुतारकाम शिकविले गेले. मजुरी गावातच राहिली, हे या खर्चाचे उत्तम फळ. तरीही हजारो पडक्या घरांपुढे १२४ हा आकडा फारच लहान आहे. याचे कारण दात्यांच्या दुष्टाव्यात शोधू नये. मनोरा दुरून दिसतो, त्याच्याशी देणाऱ्याचे नाव जोडता येते. गल्लीतील कुंभाराच्या घराचे तसे नाही. सार्वजनिक पैसा दिसणाऱ्या वस्तूकडे वळतो, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

घरमालकासाठी उरतो तो २००९ चा नुकसानभरपाईचा कायदा. त्याच्या दारात मालकीचे कागद आणि सुरक्षा खात्याचा दाखला लागतो. कागद बहुधा घराबरोबरच गाडले गेले आहेत, आणि ज्यांच्या एखाद्या आप्तावर इसिसशी संबंधाचा संशय आहे त्यांना दाखला मिळणे दुरापास्त झाल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदविल्या आहेत. मुलाच्या वा भावाच्या गुन्ह्यासाठी विधवेचे घर अडवून ठेवायचे की नाही, हा निर्णय बगदादच्या हाती आहे. त्यासाठी ना परदेशी विशारद लागतो ना अमिरातीची देणगी. इराकच्या १० हजार दिनारांच्या नोटेवर हाच कुबडा मनोरा छापलेला आहे. भरपाई मंजूर झालेल्या कुटुंबांच्या हाती तरी त्या नोटा वेळेवर पडाव्यात.