पायाखालचा निवालेला अग्नी

सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या शिवारात विहिरीचे काम निघाले म्हणजे काळी माती आणि मुरूम संपून शेवटी जो सुरुंगाशिवाय न हटणारा काळा पाषाण लागतो, तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून उसळून थरावर थर पसरलेल्या लाव्हारसाचाच होय. दख्खनच्या अनेक विहिरींत दोन कातळांमध्ये तांबड्या मातीचा जो पट्टा दिसतो, तो दोन उद्रेकांमधील प्रदीर्घ विश्रांतीचा दाखला. त्या अवधीत ऊन-पावसाने खडकाची माती झाली आणि पुढील प्रवाहाखाली ती गाडली गेली.

अंदमानातील बॅरन बेटाचा ज्वालामुखी दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून १९९१ साली पुनश्च जागृत झाला, त्यामुळे २१ मार्च २०२४ च्या सकाळी आपला हिंगोली जिल्हा ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला असता आपल्याही पायाखाली तसेच काही घडत नाही ना, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु बॅरनखाली एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकत असून त्यामुळे तेथे नवा शिलारस निपजतो. मराठवाड्याखाली तशी घडामोड नाही, येथील अग्नी निद्रिस्त नसून कायमचा निवालेला आहे, आणि येथले धक्के खडकातील जुन्या भेगांवर साचलेल्या ताणाचे आहेत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरातील भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या जड भिंतींखाली दगावली. म्हणून ज्वालामुखीची धास्ती सोडून प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील अशा भिंतींची पाहणी करून तिची नोंद दप्तरी ठेवावी आणि सरकारने त्या भिंतींच्या बळकटीसाठी तजवीज करावी.