रुळांखालची जमीन कोणाची?

लखनौ : रेल्वेगाडी बंद करण्याचा निर्णय दिल्लीत होतो, तिची झळ मात्र रुळांकाठच्या गावांना बसते. ऐशबाग-सीतापूर मार्गाचे २०१६ मध्ये रुंदीकरण सुरू झाले आणि मीटरगेजने उत्तर प्रदेशच्या राजधानीचा निरोप घेतला. पूर्वोत्तर रेल्वेच्या लखनौ विभागातील १७१ किलोमीटरचा मैलानी-नानपारा मार्ग मात्र वारसा म्हणून जतन करण्याच्या यादीत गेला. तो दुधवा आणि कतर्नियाघाटच्या जंगलांतून जातो. तेथे रुंद रूळ आणि वेगवान गाड्या नकोत, ही वनखात्याची भूमिका समजण्यासारखी आहे. पण पर्यटकांचा वारसा हाच तराईतील गावकऱ्यांचा स्वस्त प्रवास होता, याचा हिशेब कोणी मांडायचा?

रूळ काढून तेथे पायवाट करावी, हा पर्याय वाघांच्या जंगलात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जवळपास अशक्य आहे. विदर्भात तशी अडचण नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची 'शकुंतला' कापसाच्या मुलखातून धावत असे. खासगी कंपनीच्या मालकीचा तिढा आणि रुंदीकरणाची आश्वासने यांत ती अडकली. तिचा मार्ग गावागावांना जोडतो. पण तेथे 'पायवाट' हा शब्द उच्चारणे म्हणजे गाडीवरचा हक्क सोडणे, अशी रास्त भीती लोकांना वाटते.

या भीतीवर अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यानेच उत्तर शोधले. वापरात नसलेला मार्ग पायवाट म्हणून खुला करायचा, मात्र भविष्यात रेल्वे परत आणण्याचा हक्क अबाधित ठेवायचा, अशी ती तरतूद आहे. मलेशियाची रेल्वे २०११ मध्ये मागे हटल्यावर सिंगापूरनेही २४ किलोमीटरचा पट्टा सलग राखला.

भारतात अशी तरतूद नाही. २००५ च्या दुरुस्तीने रेल्वे भूमी विकास प्राधिकरणाचा मार्ग मोकळा झाला. परंतु त्याचा हेतू रिकाम्या जमिनीतून महसूल उभारण्याचा. रेल्वेमार्गाचे मोल त्याच्या सलगतेत असते. तुकड्यातुकड्यांनी विकलेला किंवा अतिक्रमणात गेलेला पट्टा पुन्हा जोडण्यासाठी नव्याने भूसंपादन करावे लागते आणि त्याची राजकीय किंमत कोणत्याही सरकारला ठाऊक आहे. संसदेत खासदार रुंदीकरणाची मागणी करतात, मंत्री सर्वेक्षणाचे उत्तर देतात. दरम्यान पट्टा कोणी आणि कसा राखायचा, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो. गाडी येईपर्यंत वाट आणि वाटेखाली रेल्वेचा हक्क, एवढी कायदेशीर हमी मिळाली तर गावांना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागणार नाही.