बैल भाड्याचे, वावर आपलं

होस्टेलवर दोन विषयांचा वाद कधीच मिटत नाही. एक मेसची भाजी आणि दुसरा टीम. भाजीबद्दल लिहायचं तर हा अख्खा अंक पुरणार नाही, म्हणून टीमबद्दल लिहितो.

टीम म्हटलं की आपल्याकडे अर्धी पोरं मँचेस्टर युनायटेडवर सुरू होतात. २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले, त्यानंतर क्लबने कोणाला विकत घ्यायला पाहिजे होतं आणि कोणाला विकायला पाहिजे होतं, याचा सगळा हिशेब त्यांना तोंडपाठ. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम मात्र विचारू नका! चालायचंच. पण ज्या टीमच्या बॅगेवर आपल्या प्रदेशाचं नाव आहे, त्या विदर्भाच्या रणजी टीमचा विषय निघाला की वादाला वेगळीच धार येते. तिथे घरचं आणि बाहेरचं हा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न आपल्या सगळ्यांच्या पोटातला आहे.

वाद साधारण असा होतो.

"हे काई आपली टीम होय काय बे? भाड्याचे बैल आणून पेरणी केली, अन् म्हणे पीक आमचं!"

"पीक तर आपल्याच वावरात आलं ना! मंग कोनाचं म्हनशील?"

दोन्ही वाक्यं मला आवडतात. पण वाद इथेच अडकतो, आकड्यांपर्यंत कोणी जातच नाही. आपण भावी इंजिनीअर आहोत, तर आधी आकडे पाहू.

विदर्भ रणजी स्पर्धेत पहिल्यांदा उतरला १९५७-५८ मध्ये. पहिला करंडक मिळाला २०१७-१८ मध्ये. मध्ये साठ वर्षं गेली. एवढ्या काळात आपण काय होतो, तर मोठ्या संघांनी येऊन धावांचा रतीब घालायचं ठिकाण. मग बोर्डाच्या नियमाचा फायदा घेणं सुरू झालं. कोणत्याही राज्य संघटनेला बाहेरचे तीन खेळाडू व्यावसायिक म्हणून घेता येतात. २०१४-१५ मध्ये तामिळनाडूचा बद्रीनाथ आणि कर्नाटकचा गणेश सतीश आले, पुढच्या वर्षी मुंबईचा वासिम जाफर आला. २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. त्यांनी पहिल्या दोन मोसमांत लागोपाठ दोन करंडक मिळवून दिले. तिसरा करंडक २०२४-२५ मध्ये आला, तेव्हा कर्नाटकचा करुण नायर आणि दिल्लीचा ध्रुव शोरी टीममध्ये होते.

आता 'भाड्याचे बैल'वाल्यांनी जरा थांबावं. तिन्ही अंतिम सामन्यांतले अकरा खेळाडू काढून बघा. २०१८ च्या १ जानेवारीला इंदूरला दिल्लीला ९ गडी राखून हरवलं, तेव्हा बाहेरचे किती? दोन, जाफर आणि सतीश. २०१९ मध्ये नागपूरला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवलं, तेव्हाही तेच दोन. २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक घेतला, तेव्हा पुन्हा दोन, शोरी आणि नायर. नियम तिघांना परवानगी देत असताना तिन्ही वेळा दोनच खेळले. उरलेले नऊ आपले! आणि त्या नवांनी नुसती टाळ्या वाजवायची ड्युटी केलेली नाही. पहिल्या फायनलमध्ये शतक ठोकलं अक्षय वाडकरने, हॅट्ट्रिक घेतली रजनीश गुरबानीने. दुसऱ्या फायनलमध्ये आदित्य सरवटेने ११ बळी घेतले आणि पुजारासारख्या पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली. तिसऱ्यात ३ बाद २४ अशी वाताहत झाली असताना दानिश मालेवारने १५३ केल्या. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला तो विक्रमच झाला.

गुरबानीबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण तो आपल्यातला आहे. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन मग रणजी खेळलेला हा माणूस. ज्या वर्षी पहिला करंडक आला, त्या वर्षीच्या कर्नाटकविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने दोन डावांत मिळून १२ बळी घेतले आणि आपण ५ धावांनी जिंकलो. सर्व्हेइंगचं सबमिशन सांभाळून क्रिकेट होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव होस्टेलच्या भिंतीवर लिहून ठेवावं. (भिंत रंगवायचा खर्च रेक्टर सरांनी मागितला तर लेखकाचं नाव सांगू नये.)

मग बाहेरच्या दोघांनी केलं काय? माझ्या मते कारभाऱ्यांची खरी हुशारी इथे दिसते. त्यांनी गोलंदाज विकत घेण्यावर भर दिला नाही, गोलंदाज इथे तयार होत होते. नागपूरची निवासी अकादमी २००९ पासून चालू आहे, तिचं फळ मुख्यतः तिथे दिसलं. कमी होती ती तीन तास खेळपट्टीवर उभं राहणाऱ्या फलंदाजाची. म्हणून फलंदाज आणले, तेही उतरत्या वयातले किंवा घरून बाहेर काढलेले. जाफर चाळिशी ओलांडताना २०१८-१९ च्या मोसमात १०३७ धावा करून गेला. पहिल्या करंडकाच्या मोसमात तर तो मानधन न घेता खेळला, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. आधीच्या वर्षी दुखापतीमुळे खेळता आलं नाही आणि पैसे मात्र मिळाले होते, याची ती परतफेड. असा 'भाड्याचा बैल' कोणाला मिळाला तर त्याने सांगावं! करुण नायरची गोष्ट तशीच. २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटीत नाबाद ३०३ करणाऱ्या पोराला पुढे भारताच्याच काय, कर्नाटकच्या संघातही जागा उरली नाही. विदर्भाने त्याला २०२३ मध्ये घेतलं. २०२४-२५ च्या रणजीत त्याने ८६३ धावा केल्या आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यावर तो पुन्हा भारताकडून खेळला.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे डायरेक्ट सेकंड इयरला येणारे डिप्लोमावाले आहेत. पहिल्या दिवशी वर्ग त्यांच्याकडे तिरप्या नजरेने बघतो, आणि वर्कशॉपमध्ये काम अडलं की सगळे त्यांच्याच जॉबभोवती गोळा होतात.

तरीपण पहिल्या गड्याच्या बोलण्यात एक खरी कळ आहे, ती मी उडवून लावणार नाही. त्याचं दुसरं वाक्य असं असतं, "आपलं पोट्टं बाहीर, अन् बाहीरचं पोट्टं आत!" सरवटे २०२४-२५ मध्ये केरळकडे गेला आणि नागपूरच्या त्या अंतिम सामन्यात आपल्याच विरुद्ध उतरून ७९ धावा करून गेला. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ मध्ये बडोद्याकडे गेला. हे शेवटचं मला लागलं. रणजीत यष्टीमागे कर्णधार वाडकर असतो आणि ग्लोव्हज एकालाच घालता येतात, हे समजतं. जाणाऱ्यांना गद्दार म्हणणं तर मला मुळीच पटत नाही. करुणसाठी आपण दार उघडलं ते योग्य, आणि जितेशने बडोद्याचं दार वाजवलं तर चूक, असं कसं? पण चौकार-षटकारांच्या खेळात भारताकडून खेळलेला माणूस हातचा जातो, तेव्हा कारभाऱ्यांनी दोन तास बसून त्याच्याशी बोलायला हवं, एवढं म्हणायचा हक्क चाहत्यांना आहे.

स्पेनमध्ये अ‍ॅथलेटिक बिल्बाओ नावाचा फुटबॉल क्लब आहे. आपल्या बास्क प्रदेशातले किंवा तिथे तयार झालेलेच खेळाडू घ्यायचे, हे धोरण त्यांनी शंभर वर्षांहून जास्त काळ पाळलं आहे. तरी ते स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली गेलेले नाहीत, आणि २०२४ मध्ये त्यांनी चाळीस वर्षांनी मोठा चषक जिंकला. रात्रीच्या वादात हे उदाहरण हमखास येतं, "बघा, बाहेरचा एकही नाही!" अरे, पण त्यांच्याकडे गल्लोगल्ली मैदानं आहेत, गावच्या क्लबपासून वरपर्यंत शिडी आहे. ती शिडी नसताना नुसता नियम उचलला तर आपण १९५७ ते २०१७ मध्ये जिथे होतो तिथेच परत जाऊ.

म्हणून मला वाटतं, आपण भांडतो त्या दोन जागांवर भांडण व्यर्थ आहे. भांडायचं असेल तर उरलेल्या नऊ जागांवर भांडा. त्यात वऱ्हाडातली किती पोरं असतात? असतात, पण मोजकी. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने तर पहिलाच प्रथम श्रेणी सामना खेळला तो इंदूरचा अंतिम सामना. पांढरकवड्याकडचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. मुलींमध्ये अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून खेळली. (लेडीज होस्टेलवर हे नाव माहीत नसेल तर शरमेची गोष्ट आहे, आणि बॉइज होस्टेलवर माहीत नाही याची मला खात्रीच आहे.) ही सगळी पोरं मोठ्या गावांची किंवा मोठ्या गावी जाऊन शिकलेली. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर इथल्या पोराचं काय?

आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा भरपूर. बक्षिसं मोठी, बॅनर त्याहून मोठे. पण लेदर बॉल हातात घ्यायचा तर अमरावती नाहीतर अकोला गाठायचं. एस.टी.चं भाडं, किटचा खर्च आणि बुडालेली शाळा हे गणित कापूस पिकवणाऱ्या घराला कसं झेपणार? शिवाय आपण खारपाणपट्ट्यात राहतो. काळी माती खेळपट्टीला उत्तम, पण तिला द्यायचं विहिरीचं पाणी खारं. गवताची हिरवळ इथे नागपूरसारखी राखता येत नाही, आणि उन्हाळ्यात जमिनीला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. यावर उपाय साधा आहे, सिमेंटचा पक्का पट्टा आणि त्यावर मॅटिंग. त्याला पाणी लागत नाही. लागतं ते थोडं सिव्हिलचं डोकं, आणि ते आपल्या कॉलेजात चार वर्गखोल्या भरून आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरात विदर्भाने शेष भारताला हरवून इराणी चषक घेतला. सामन्याचा मानकरी ठरला अथर्व तायडे, पहिल्या डावात १४३. पोरगा अकोल्याचा. अकोला इथून एस.टी.ने कितीक लांब आहे?

तर जिमखान्याच्या सरांना विनंती अशी की यंदाच्या गॅदरिंगच्या बजेटमधून डीजेचा एक दिवस कमी करावा आणि मागच्या मैदानावर एक पट्टा टाकावा. काँक्रीटचं मिक्स डिझाइन थर्ड इयर सिव्हिलकडून प्रॅक्टिकल म्हणून करून घेता येईल. संध्याकाळी पाचनंतर तो गावातल्या पोरांना खुला ठेवावा. मॅटिंगची वर्गणी काढायला मी तयार आहे, होस्टेलच्या पहिल्या मजल्यापासून सुरुवात करतो.