सॉफ्ट स्किल शिकवायचंच तर सीनियरांना शिकवा

वकिलांना सॉफ्ट स्किल शिकवण्याचा धंदा सध्या तेजीत आहे. सांगानेरला पीएचडीच्या कामासाठी राहत असताना मीही अशा एका शिबिरात बसले. हस्तांदोलन, इंग्रजी उच्चार, टायची गाठसुद्धा! दिवसभरात जात हा शब्द एकदाही आला नाही. आणि त्याच शहरात, जयपूर हायकोर्टाच्या आवारात, १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. तो हटवण्याचा ठराव त्याच वर्षी न्यायाधीशांनी केला. स्थगिती आली, पुतळा राहिला. २०१८ मध्ये औरंगाबादहून गेलेल्या दोन बायकांनी त्याला काळं फासलं, तर त्यांना अटक झाली. त्या आवारात रोज जाणाऱ्या दलित वकिलाला तुम्ही बॉडी लँग्वेज शिकवणार?

बाबासाहेबांकडे कोलंबिया होतं, लंडन होतं, ग्रेज इन होतं. तरी मुंबईचे सॉलिसिटर त्यांना काम देत नव्हते. कोणतं स्किल कमी पडलं होतं?

पैशाचं बोला. सनदेची फी कायद्याने ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. बार कौन्सिलं हजारो उकळत होती. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं. ज्युनिअरला शहरात २०,००० आणि गावात १५,००० विद्यावेतन द्या, हे त्याच वर्षीचं बार कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक मात्र नुसती शिफारस. ज्याचा काका वकील, तो दोन वर्षं फुकट राबू शकतो. आपल्याला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे असतात.

शिबिरं सीनियरांसाठी घ्या. विषय मी देते: आडनाव न विचारता ज्युनिअर कसा ठेवावा, आणि त्याचा पगार एक तारखेला कसा द्यावा.