आयुष्यभराची हमी, पण कोणाच्या आयुष्याची?

आमच्या सोसायटीत तीन इलेक्ट्रिक गाड्या आहेत. त्यातली सर्वांत जुनी पाच वर्षांची. गेल्या दिवाळीच्या आसपास तिच्या मालकांनी ती विकायला काढली. बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "बॅटरी किती राहिलीय?" मालकांना ते माहीत नव्हते. सर्व्हिस सेंटरने तोंडी "चांगली आहे" म्हटले, लेखी द्यायचे नाकारले. शेवटी गाडी पडेल भावात गेली. गाडी खराब होती असे मला वाटत नाही. ती चांगली आहे हे सिद्ध करायला हातात काहीच नव्हते, एवढेच. पुढचे मुद्दे त्या व्यवहारातून सुचलेले आहेत.

१. आधी गाडीच्या बाजूने बोलू. इलेक्ट्रिक गाडीत बिघडण्यासारखे कमी असते. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही. वेग कमी करताना मोटरच गाडीला रोखते, म्हणून ब्रेक पॅडही जास्त टिकतात. वजनामुळे टायर मात्र लवकर झिजतात. गाडी रस्त्यात बंद पडते तेव्हा बरेचदा कारण मोठी बॅटरी नसतेच, साधी १२ व्होल्टची असते. ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतात १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या, त्याही याच १२ व्होल्टच्या बॅटरीला चार्ज करणाऱ्या यंत्रणेतल्या दोषासाठी. तेव्हा 'इलेक्ट्रिक म्हणजे भरवशाची नाही' हे खरे नाही. खर्च क्वचित येतो, पण आला तर एकदम लाखांत येतो. अशा खर्चापुढे सामान्य माणसाला आधार कागदाचाच, म्हणजे हमीपत्राचा आणि विम्याच्या पॉलिसीचा.

२. कागदाइतकेच महत्त्वाचे असते मोजमाप. अमेरिकेत निसानची लीफ ही गाडी २०१० च्या अखेरीस विक्रीला आली. तिच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची यंत्रणा नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या रखरखीत उन्हातले मालक तक्रार करू लागले, की रेंज भराभर कमी होते आहे. त्यांची तक्रार टिकली, कारण लीफच्या डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्या होत्या आणि त्या एकेक करून विझत होत्या. पट्टी विझली की मालक फोटो काढून ठेवी. शेवटी कंपनीला नवी हमी द्यावी लागली. पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या आत नऊपेक्षा कमी पट्ट्या उरल्या, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल. हमी आधी विकलेल्या गाड्यांनाही लागू झाली.

आता हे चंद्रपुरात किंवा अकोल्यात, मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीला लावून पाहा. आजच्या बहुतेक गाड्यांत द्रवाने थंड होणारी बॅटरी असते, लीफसारखी अवस्था होईल असे नाही. तरी उष्णता आणि सतत शंभर टक्के भरून ठेवणे या दोन गोष्टी लिथियम बॅटरीला म्हातारी करतात, हे बदललेले नाही. किती म्हातारी झाली हे गाडीच्या संगणकाला कळते. मालकाला मात्र ते सहसा सांगितले जात नाही. कॅलिफोर्नियाने २०२६ च्या मॉडेलपासून नियमच केला आहे, की बॅटरीचे आरोग्य मालकाला कोणतेही यंत्र न जोडता गाडीतच वाचता आले पाहिजे. आपल्याकडे वाहनांची 'एआयएस' मानके ठरवणाऱ्या समितीचे काम पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतूनच चालते. २०२२ मध्ये ई-स्कूटर पेटू लागल्या, तेव्हा बॅटरीच्या सुरक्षेची मानके वर्षभरात कडक झाली. आरोग्याचा आकडा दाखवणे तर त्याहून सोपे काम आहे. मनावर घेतले पाहिजे.

३. आता हमीपत्र. आपल्याकडे रूढ झालेली हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर. मग शर्यत लागली. महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांना आयुष्यभराची बॅटरी हमी दिली. टाटाने २०२५ मध्ये हॅरियर ईव्हीला दिली आणि लगेच आणखी गाड्यांना. ऐकायला छान वाटते. आतला मजकूर वाचला की कळते, टाटांच्या हिशेबात आयुष्य म्हणजे नोंदणीपासून पंधरा वर्षे, आणि ही हमी पहिल्या मालकापुरती. महिंद्राची गाडी हात बदलली की हमी दहा वर्षे किंवा दोन लाख किलोमीटरवर येते. हे लपवलेले नाही, आणि दुसऱ्या मालकाला मिळते तेही कमी नाही. पण जाहिरातीतला मोठा शब्द आणि खालची बारीक अक्षरे यांत जे अंतर आहे, त्यावर मला बोलायचे आहे.

बॅटरी गाडीला बोल्टने बांधलेली असते, मालकाला नाही. आरसीवर नाव बदलले म्हणून तिच्या पेशी बदलत नाहीत. हमी गाडीची असेल तर ती गाडीबरोबर गेली पाहिजे. पेट्रोलची जुनी गाडी घेताना आपण ओळखीचा मेकॅनिक नेतो. तो ऑइलचे झाकण काढून धूर बघतो, कान देऊन इंजिन ऐकतो. इलेक्ट्रिक गाडी कितीही कान दिला तरी काही सांगत नाही. म्हणून माझी मागणी अशी: या गाडीला पीयूसी लागत नाही, ठीक. पण आरटीओत ट्रान्सफरच्या वेळी बॅटरीच्या आरोग्याचा दाखला सक्तीचा करा, आणि तो वाजवी फी घेऊन देणे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर बंधनकारक करा.

४. आपटलेली बॅटरी. ती गाडीच्या पोटाखाली सपाट पसरलेली असते आणि आपले स्पीडब्रेकर कोणत्या मापाने बांधतात ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. तळाला खोल ठेच बसली तर हमी लागू होत नाही, कारण तो उत्पादनातला दोष नव्हे. मग विमा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही दर वर्षी उतरते, नव्या बॅटरी पॅकची किंमत त्या वेगाने उतरत नाही. म्हणजे गाडी जितकी जुनी, तितकी ती एका ठेचेने भंगारात जाण्याची शक्यता जास्त. यावर उपाय आहे: पूर्ण पॅक न बदलता आतले खराब मॉड्यूल तेवढे बदलणे. ते सुटे मिळते का, किती रुपयांना आणि कोणत्या शहरात, हे कंपन्यांनी किमतीसह जाहीर करावे.

पुराचेही तसेच. पाणी आत न शिरण्याचे 'आयपी ६७' हे प्रमाण म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात. २०२१ च्या जुलैत चिपळूण ज्या गाळाच्या पाण्यात बुडाले, ते अर्ध्या तासात ओसरले नव्हते.

५. दुरुस्ती कोण करणार? २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणे हा आक्षेप होता. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. पुढे अपिलांत दंडाचे काय झाले ही वेगळी कथा. मुद्दा जिवंत आहे, आणि इलेक्ट्रिक गाडीत जास्तच, कारण सॉफ्टवेअरची किल्ली नसेल तर गॅरेजवाल्याला दोष शोधताही येत नाही. तीनशे-चारशे व्होल्टला हात लावायचा तर शिक्षण हवेच, ते आयटीआयमध्ये देता येईल. पण शिकलेल्या मुलाला कंपनीने कुलूपच दाखवले तर तो काय करणार?

६. कराची गंमत. नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली तर आतल्या बॅटरीसकट जीएसटी ५ टक्के. तीच बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. म्हणजे जुनी गाडी जगवणाऱ्याला नवी घेणाऱ्यापेक्षा जड कर. पर्यावरणासाठी सवलत द्यायची आणि दुरुस्तीवर दंड लावायचा, याला धोरण म्हणवत नाही.

७. मोटार वाहन कायद्यात रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावण्याची, तरतूद आली. ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. हमी आठ वर्षांची, कुठे पंधरा. दोन्ही आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

८. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली. चांगलेच झाले. या सगळ्या सवलती गाडी घ्यायला लावणाऱ्या आहेत, सहाव्या वर्षी ती सांभाळायला मदत करणारी एकही नाही. अनुदान लेखी आणि हस्तांतरणीय हमीला बांधता येते, सरकारला एवढे तरी नक्की जमेल.

तोवर गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूममधला मुलगा म्हणेल, "सर, लाइफटाइम आहे, काळजीच नको." त्याला विचारा: किती टक्के क्षमता उरली तर बॅटरी बदलून मिळेल, आणि पाच वर्षांनी मी गाडी मेहुण्याला विकली तर? तो "मॅनेजरना विचारून येतो" म्हणून आत जाईल. चहा मागवा आणि लेखी येईपर्यंत बसून राहा.